कायद्यातले आठवडे

अमेरिकेच्या राज्यघटनेत गर्भपात हा शब्द नाही. आपल्याही नाही. तरी २०२२ मध्ये शंभर दिवसांच्या आत दोन्हीकडच्या सर्वोच्च न्यायालयांनी अगदी उलट दिशेचे निकाल दिले.

२४ जूनला अमेरिकी न्यायालयाने १९७३ चा 'रो' निकाल रद्द केला. हा हक्क देशाच्या इतिहासात आणि परंपरेत रुजलेला नाही, म्हणून घटनेतही नाही, असे त्याचे म्हणणे. २९ सप्टेंबरला आपल्या न्यायालयाने सांगितले, की २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहित स्त्रीला वगळणे समानतेच्या कलम १४ मध्ये बसत नाही. कलम २१ चाही आधार होता. त्यात शब्द फक्त जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचे. पण मूल होऊ द्यायचे की नाही हे ठरवणेही त्यात येते, असे न्यायालयाने २००९ मध्येच म्हटले होते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. जुना कोड वाचताना आम्हालाही प्रश्न पडतो, लिहिणाऱ्याच्या मनात काय होते हे बघायचे, की आज वापरणाऱ्याची गरज? पण आमचे चुकले तर पॅच देता येतो. इथे निकालाची वाट बघताना कुणाचे तरी दिवस भरत असतात.

२०१९ मध्ये बडोद्यात माझ्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाबद्दल शंका आली, तेव्हा एकोणीस आठवडे चार दिवस झाले होते. १९७१ च्या कायद्याची मर्यादा वीस आठवडे. हृदयाच्या तपासणीची वेळ मिळाली पाच दिवसांनंतरची. सासूबाई म्हणाल्या, "थांबू या गं." नवरा नुसता कॅलेंडर बघत राहिला. मी म्हटले, "मला ठरवू द्या." आणि थांबले. छिद्र लहान निघाले. लेक आता शाळेत जाते. दोष मोठा असता, तर मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली असती.

२०२१ च्या दुरुस्तीने गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या निदानावर परवानगी मिळू लागली. 'पती'च्या जागी 'जोडीदार' आला. तरी डॉक्टरांचे मत लागतेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवडे उलटलेल्या एका विवाहितेला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली.

आपल्या घरांत डोहाळजेवणाचे सगळे पदार्थ तोंडपाठ असतात, हे आकडे मात्र कुणी सांगत नाही. लेकीसुनांना ते वेळेआधी माहीत असू द्या. निर्णय मग ज्याचा त्याला घेता येतो.