लास्कोच्या दारापर्यंत

परदेशचा प्रवास म्हटला की मोठमोठी शहरे डोळ्यांसमोर उभी राहतात. फ्रान्स म्हणजे पॅरिस, हे समीकरण तर आपल्या मनात पक्के बसलेले असते. परंतु २०२३ च्या मे महिन्यात आम्ही घरची पाच माणसे फ्रान्समध्ये आठवडाभर हिंडलो, तेव्हा पॅरिसचा विमानतळ तेवढा आमच्या दृष्टीस पडला. तेथून आम्ही तुलूझ गाठले, एक मोटार भाड्याने घेतली आणि सात दिवस दोर्दोन्य व लोत या नद्यांच्या खोऱ्यांतील खेडी पाहत फिरलो. नाना, आई, आम्ही उभयता आणि यंदा आठवीत गेलेली आमची कन्या असा आमचा काफिला होता.

एवढ्या दूरच्या खेड्यांत जाण्याचे कारण नाना. बडोद्याच्या एका मराठी शाळेत त्यांनी ३१ वर्षे चित्रकला शिकविली. लास्को येथील गुहेतला बैल ते दरवर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवीत. मानेची एक रेषा, पाठीची एक रेषा आणि पुढे झुकलेली शिंगे! "ज्याने हे काढले त्याच्याजवळ कागद नव्हता, खोडरबर नव्हते," असे ते म्हणत आणि मग वर्गातील सर्वांची खोडरबरे टेबलावर जमा करून घेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू झाला आहे. गेलेली दृष्टी परत येत नाही, औषधाने फार तर उरलेली टिकवून धरता येते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा आम्ही त्यांना विचारले, "नाना, अजून काय पाहावेसे वाटते?" त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता लास्कोचे नाव घेतले. मूळ गुहा १९६३ पासून लोकांना बंद आहे, हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक होते. "आत नाही तर नाही," ते म्हणाले, "दारापर्यंत तर जाऊ."

मोटार आम्ही उभयता आळीपाळीने चालवीत होतो. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात आणि चालकाचे आसन डाव्या बाजूस असते. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर आई मोठ्याने "उजवीकडे, उजवीकडे" असे स्मरण देत होती, आणि तिचा तो घोष आमच्या फार उपयोगी पडला. मोठ्या द्रुतगती मार्गांवर ताशी १३० किलोमीटर वेगाची मुभा असते. पण आम्ही मुद्दाम लहान रस्ते धरले. दोन्ही बाजूंना ओळीने लावलेली अक्रोडाची झाडे, मधूनच पिवळसर दगडांची घरे आणि त्यांची दगडी चिपांनी शाकारलेली उतरती छपरे असे ते दृश्य होते. खेड्याच्या वेशीवर त्याच्या नावाची पाटी असते. ते ओलांडून बाहेर पडताना तीच पाटी पुन्हा दिसते, मात्र या वेळी नावावर तांबडा तिरपा पट्टा मारलेला असतो. "गाव खोडून टाकले!" असे आमची कन्या प्रत्येक वेळी ओरडे. गाव संपले की वेगाची मर्यादा बदलते, हे चालकाला कळावे म्हणून ती योजना आहे. पण तिच्या त्या उद्गाराने आमचे खूप मनोरंजन झाले.

दुपारी बारा वाजले की खेड्यातील बहुतेक दुकाने दोन तास बंद होतात. पहिले दोन दिवस आम्ही उपाशीपोटी बंद दारांसमोर उभे राहिलो. तिसऱ्या दिवसापासून सकाळीच पाव, टोमॅटो आणि बकरीच्या दुधाचे लहानसे चकतीएवढे चीज घेऊन ठेवू लागलो. हा प्रदेश बदकांच्या आणि हंसांच्या मांसासाठी प्रसिद्ध. बटाट्याची साधी भाजीसुद्धा तेथे बदकाच्या चरबीत परततात, हे कळल्यावर आईने उपाहारगृहांचा नाद सोडला. आम्ही एका शेतघरात उतरलो होतो. तेथील चुलीवर बेसनाचे पिठले शिजू लागले, तेव्हा घरमालकीण वासाने चौकशीला आली आणि चाखून, डोळे पुसत, हसत परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात अक्रोडांची एक पिशवी ठेवलेली होती. भाषेवाचून शेजारधर्म अडत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोतच्या खोऱ्यातील काब्रेरे या खेड्याजवळ पेश-मेर्ल नावाची गुहा पाहिली. ही गुहा १९२२ मध्ये आंद्रे दाव्हिद आणि आंरी द्यूतेर्त्र या दोन कुमारवयीन मुलांनी शोधून काढली. गावचे धर्मगुरू आमेदे लमोझी यांना प्राचीन मानवाच्या अभ्यासाचा छंद होता, आणि त्यांच्यापासूनच या मुलांना गुहा धुंडाळण्याची गोडी लागली होती. येथील मूळ चित्रे आजही पाहता येतात. मात्र दिवसाला ७०० माणसांपलीकडे कोणाला प्रवेश नाही, आणि आत छायाचित्र घेण्यास मनाई आहे. वाटाड्या बाईंनी दिवा वर केला आणि समोरच्या खडकावर ठिपक्यांचे दोन घोडे उभे राहिले. ही चित्रे सुमारे २९,००० वर्षांपूर्वीची आहेत. उजवीकडच्या घोड्याच्या तोंडाचा आकार खडकाच्या कडेनेच दिला आहे; चित्रकाराने तो ओळखला आणि पुढचे शरीर आपण काढले. नानांना कडेचे दिसत नाही, म्हणून ते मान हळूहळू फिरवीत एकेक भाग पाहत होते. घोड्यांच्या भोवती माणसांच्या हातांचे ठसे आहेत. हात खडकावर टेकवून त्याच्या सभोवार रंग फुंकलेला, त्यामुळे पंजा कोरा आणि भोवती रंग. ते पाहून आई हळूच म्हणाली, "आपण वास्तुशांतीला कुंकवाचे हात उठवतो, तसेच की हे!" त्या ठशांचा हेतू काय होता, यावर विद्वानांत अनेक मते आहेत, परंतु घरच्या भिंतीवर हात उठविणाऱ्या माणसाला तो हात परका वाटला नाही, एवढे खरे.

तिसरा आणि चौथा दिवस दोर्दोन्यच्या काठी गेला. बेनाकचा किल्ला नदीच्या एका बाजूस उंच कड्यावर आहे आणि कास्तेलनोचा दुसऱ्या बाजूस. १३३७ ते १४५३ या काळात चाललेल्या शतवार्षिक युद्धात बेनाक फ्रेंचांच्या बाजूस, तर कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या ताब्यात होता. नदीकाठी उभे राहिले की दोन्ही एकाच वेळी दिसतात. गडकिल्ल्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आमच्या कन्येने दोहोंच्या तटांची परीक्षा केली आणि पाण्याचे टाके कोठे आहे, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला.

पाचव्या दिवशी आम्ही व्हेझेर नदीच्या काठावरील मोंतिन्याक या गावी पोहोचलो. लास्कोची टेकडी या गावाला लागूनच आहे. येथली हकिकत प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकावी अशी आहे. १९४० च्या जून महिन्यात फ्रान्सचा जर्मनीकडून पराभव झाला होता. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला मार्सेल राव्हिदा, झाक मार्साल, झॉर्झ आन्येल आणि सिमों कोएन्कास ही १३ ते १८ वयाची चार मुले टेकडीवरच्या एका बिळातून सरपटत खाली उतरली. राव्हिदा हा मोटारदुरुस्तीच्या कामावर उमेदवारी करीत होता. दिव्याच्या उजेडात त्यांना भिंतीवर बैल, घोडे आणि सांबरे धावताना दिसली. मुलांनी ही गोष्ट गावातील निवृत्त शिक्षक लेओं लाव्हाल यांना सांगितली. गुरुजींना प्रथम ही पोरांची थट्टा वाटली. पण ते गेले, उतरले आणि पाहून थक्क झाले. चित्रांना कोणाला हात लावू देऊ नका, असे त्यांनी मुलांना बजावले. मार्सालने तोंडाशी तंबू ठोकला आणि तो राखण करीत बसला. सिमों कोएन्कास हा ज्यू मुलगा. पुढे त्याचे आईवडील आउश्वित्झच्या छळछावणीत मारले गेले. तो स्वतः वाचला आणि २०२० पर्यंत जगला. मनुष्यजातीचे इतके जुने वैभव ज्या वर्षी त्या मुलांना सापडले, त्याच सुमारास माणूस माणसाशी कसा वागत होता, हे आठवले म्हणजे मन सुन्न होते.

महायुद्ध संपल्यावर १९४८ मध्ये गुहा सर्वांना खुली झाली. लोकांची रीघ लागली. १९५५ च्या सुमारास दिवसाला हजाराहून अधिक माणसे आत जाऊ लागली. कोणी ओरखडे काढले नाहीत, कोणी काही चोरले नाही. लोकांनी फक्त श्वास घेतला. पण त्या श्वासांतील ओलाव्याने, उष्णतेने आणि कर्बवायूने हवा बदलली. भिंतींवर हिरवे शेवाळ आणि चुन्याचा पांढरा थर धरू लागला. हजारो वर्षे जे टिकले, त्याला पंधरा वर्षांचे कौतुक सोसवले नाही. १९६३ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी गुहा बंद केली. १९८३ मध्ये तिच्या मुख्य भागाची प्रतिकृती जवळच खुली झाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी जवळजवळ संपूर्ण गुहेची नवी प्रतिकृती तयार झाली.

खरे सांगावयाचे तर आमच्या मनात किंतु होता. हजारो मैल येऊन आपण नक्कल पाहणार! पण नाना आत शिरले आणि मोठ्या बैलासमोर जे उभे राहिले ते हलेनात. तो बैल पाच मीटरहून अधिक लांब आहे. फळ्यावर तो मावणारच नव्हता. मूळ भिंतीचे मोजमाप लेसर किरणांनी घेऊन तिचा उंचसखलपणा येथे हुबेहूब उतरविला आहे. चित्रे मात्र कलावंतांनी हातांनी रंगविली आहेत. नानांनी नातीला जवळ बोलावले आणि तिचे बोट हवेत धरून मानेची रेषा गिरविली, एकदा, दोनदा. "आजोबा, पण हे खरे नाही ना?" तिने विचारले. "बैल खरा नाही," नाना म्हणाले. "पण ज्याने नक्कल केली, त्याने मूळ चित्र आपल्या सर्वांहून अधिक वेळ आणि अधिक नीट पाहिले आहे. त्याचे पाहणे खरे आहे."

त्या रात्री शेतघराच्या अंगणात नानांनी आम्हांला अजिंठ्याची गोष्ट सांगितली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तेथील दहाव्या लेण्यात शिरला आणि त्याने भिंतीवर आपले नाव व तारीख कोरून ठेवली. पुढे रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून चित्रांच्या प्रती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ च्या आगीत जळाल्या. १९२० नंतर निजामाच्या राज्यात इटालियन तज्ज्ञांनी चित्रे वाचविण्याच्या सद्हेतूने त्यांवर लाखेचे रोगण दिले. कालांतराने तेच पिवळे पडले. "जुन्या वस्तूला शत्रूंइतकेच मित्रांपासूनही जपावे लागते," नाना म्हणाले.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही टेकडीवर गेलो. ओकच्या झाडीत कुंपण आहे, आणि त्यापलीकडे बंद गुहा. पाहण्यासारखे तेथे काही नाही. पाखरे बोलत होती, आणि आम्ही सर्व जण नानांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांना वाईट वाटेल, अशी भीती आम्हांला होती. ते काही वेळ कुंपणाच्या तारेला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "आत चित्रे आहेत, अंधारात आहेत, सुखरूप आहेत. मी न पाहण्याने ती राहणार असतील, तर माझे पाहून झाले." मग त्यांनी आईला चहाची आठवण करून दिली. सातवा दिवस परतीच्या वाटेत सरला. तुलूझला मोटार परत करून आम्ही विमान गाठले.

घरी आल्यावर लोक विचारतात, "मूळ गुहा पाहिलीच नाही, मग गेलात कशाला?" आम्हांला वाटते, पाहणे दोन प्रकारचे असते. एक हव्यासाचे: सर्व काही आपल्याच डोळ्यांनी, आजच्या आज, जवळून आणि छायाचित्रासकट. दुसरे वारसदाराचे: जे आपल्या आधी हजारो पिढ्यांनंतर आपल्यापर्यंत आले, ते आपल्यापाशी थांबू नये, म्हणून हात आखडता घेणारे. नानांची दृष्टी आता आणखी अरुंद झाली आहे. तरीही दर रविवारी ते शेजारच्या मुलांना गच्चीवर बसवून चित्रकला शिकवितात. खोडरबरे अजूनही आधी जमा होतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण केव्हा ना केव्हा अजिंठ्याला जातील. तेथील रखवालदार प्रकाशझोत लावू नका म्हणतो, थोड्याच माणसांना एका वेळी आत सोडतो, फार वेळ थांबू देत नाही. त्याचा राग धरू नका. मोंतिन्याकच्या एका गुरुजींनी चार मुलांना जे सांगितले, तेच तो तुम्हांला सांगत असतो. मिळालेली थोडी मिनिटे मात्र वाया घालवू नका. एकच चित्र निवडा, त्याची एकच रेषा डोळ्यांत साठवा आणि घरी येऊन ती काढून पाहा. ती साधेपर्यंत तुम्ही तिच्याकडे किती नीट पाहिले होते, हे तुमचे तुम्हांलाच कळेल.