सेवेचा अतिरेक

एकत्र कुटुंबात आजारी पडण्यासारखे सुख नाही, असे आम्ही पुष्कळदा थट्टेने म्हणत असू. एकाने हाक मारावी आणि चौघांनी धावावे, ही आमच्या खरवईच्या घराची जुनी रीत. या रीतीपासून अपायही संभवतो, हे मात्र आमचे वडील बंधू अण्णा यांस अर्धांगवायूचा झटका येईपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते.

मेंदूच्या उजव्या बाजूस आघात झाला आणि डावे अंग लुळे पडले. इस्पितळात वेळेवर नेल्यामुळे जिवावरचे निभावले. वाचाही शाबूत राहिली. घरी आले तेव्हा अण्णा दोघांच्या आधाराने चार पावले टाकीत होते. आठवड्याने मोरीकडे जाताना ते पडले. हाड मोडले नाही, पण आम्ही भ्यालो, आणि "आता मुळीच उठायचे नाही" असा हुकूम आम्हीच सोडला. वहिनी पलंगावर ताट आणू लागल्या. पाण्याचा पेलासुद्धा त्यांच्या ओठांशी नेण्यात येऊ लागला. "अरे, मोरीपर्यंत तरी जाऊ दे मला," असे अण्णा एकदोनदा म्हणाले. ती आम्ही आजाऱ्याची चिडचिड समजलो.

दीड महिन्याने त्यांस उभे करू लागलो तो गुडघा दुमडून ते खाली बसले. दोष अर्थातच आम्ही आजारास दिला. कोणीसे सुचविले म्हणून शिवणाची टेप आणून दोन्ही मांड्या मोजल्या. फरक अवघा अर्ध्या बोटाचा निघाला. मांडी तर शाबूत आहे, असे म्हणून आम्ही समाधान मानले.

ते समाधान बदलापुरातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत घालविले. त्या म्हणाल्या, "काका, टेपेला मांस आणि चरबी यांतला भेद कळत नाही."

मांडीच्या पुढील बाजूस चार भागांचा मिळून एक मोठा स्नायू असतो. बसल्या जागेवरून उठणे, जिना चढणे, पाऊल टेकले असता गुडघा दुमडू न देणे, ही सारी कामे मुख्यतः त्याची. अर्धांगवायूत मेंदूची आज्ञा त्याच्यापर्यंत पुरती पोचत नाही, म्हणून तो दुबळा होतो. हा झाला आजाराचा भाग. परंतु त्यास कामच दिले नाही तर तो झिजतो आणि त्याच्या तंतूंमधून चरबी शिरू लागते. अशा वेळी मांडी बाहेरून भरलेली दिसते आणि आतून रिती होत असते. जपानातील संशोधकांनी ध्वनिलहरींच्या यंत्राने अर्धांगवायूच्या रुग्णांच्या मांड्या तपासून, या चरबीचा आणि दुबळेपणाचा संबंध दाखविला आहे.

चांगला पायही यातून सुटत नाही. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांस केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेवढ्यात त्यांच्या पायांचे मांस सरासरी सुमारे एक किलो घटले. आम्ही अण्णांस दीड महिना ठेवले होते! आणि तोही झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतला, ज्या काळात सुधारणा सर्वांत वेगाने होते.

म्हणून घाई करावी असेही नव्हे. पाच देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष २०१५ साली निघाला. पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठविण्याचा आग्रह धरल्याने लाभ न होता उलट परिणाम वाईट झाला. केव्हा आणि किती, हे जाणत्याने ठरवावे. घरच्यांच्या भीतीने ठरवू नये.

बाईंनी उपाय सांगितला तो अगदी साधा. खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावयाची, डावे पाऊल किंचित मागे घ्यावयाचे, म्हणजे भार त्यावर येतो, आणि हाताचा टेकू शक्य तितका कमी घेऊन उठावयाचे. सकाळी पाच वेळा, सायंकाळी पाच वेळा. पुढे उशी काढून टाकावयाची. जोडीला दूध, डाळ, उसळ हा आहार. लुई पाश्चर यांसही १८६८ साली असाच झटका आला होता व त्यांचेही डावेच अंग गेले होते; पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस त्यांनी त्यानंतर, १८८५ साली, माणसास टोचली. ही गोष्ट आम्ही अण्णांस सांगितली तेव्हा ते म्हणाले, "त्याला तुझ्यासारखा भाऊ नसावा."

आम्हांस उत्तर सुचले नाही.

आज अण्णा काठी घेऊन ओट्यापर्यंत जातात. डावा पाय अजून अर्धवर्तुळ काढीतच पुढे पडतो आणि काठी बहुधा सुटणार नाही. ते सहा आठवडे मिळाले असते तर ती सुटली असती की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. तथापि तो प्रश्न आमच्याजवळ कायमचा राहिला आहे.

वहिनी आता पाण्याचा तांब्या मुद्दाम पलंगापासून चार पावलांवर ठेवतात. अण्णांस तहान लागते, ते खुर्चीच्या कडेस सरकतात, डावे पाऊल मागे घेतात. आम्ही समोर बसलेले असतो. त्यांस उठण्यास श्रम पडतात, आणि आम्हांस बसून राहण्यास.