ट्रोनी

माझं काम हजेरीच्या सॉफ्टवेअरचं. कॅमेऱ्यासमोर चेहरा आला की त्याला नाव जोडायचं. नाव सापडलं नाही तर स्क्रीनवर लाल चौकट.

पनवेलच्या घरात उलटं आहे. वर्षभरापासून आजीला नावं आठवत नाहीत. मला कधी आईच्या नावाने हाक मारते, कधी नुसतं "अगं". मी दर वेळी माझं नाव सांगायचे आणि ती ओशाळायची.

ट्रोनी हा जुना डच शब्द याच दिवसांत मला भेटला. अर्थ साधाच, चेहरा. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची अशी चित्रं ट्रोनी म्हणून ओळखली जातात, ज्यांत समोर कुणीतरी बसलेलं असायचं, पण चित्र त्या व्यक्तीचं नसायचं. चित्र हसण्याचं, दचकण्याचं, म्हातारपणाचं. रेम्ब्रांने १६३० साली आरशात बघून स्वतःचीच छोटी छापचित्रं केली: डोळे विस्फारलेला, हसणारा, कपाळाला आठ्या घातलेला. व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी, साधारण १६६५ सालची, हीसुद्धा ट्रोनीच. ती कोण, याचा शोध आजही थांबलेला नाही. चित्राला मात्र त्याची गरज नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आजीला घेऊन सासवण्याला गेले. कर्नाळा, पेण, वडखळ करत पोचलो. तिथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आता शिल्पालय आहे. पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण आपल्या या गावात त्यांनी साधी माणसंही घडवली. आजी एका कोळणीसमोर थांबली. खालच्या पाटीकडे तिने पाहिलंही नाही.

"हिला घरी जायची घाई आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि तू दमल्येस. रात्री झोपत नाहीस."

खरं होतं. तीन आठवडे रिलीजची जागरणं चालू होती. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी इतके दिवस तिची चाचणी घेत होते, माझ्या सॉफ्टवेअरची घेते तशी. नाव आलं तर पास. ती मात्र मला रोज बघत होती.

परतताना पेणला चहाला थांबलो. बशीत चहा ओतता ओतता तिने विचारलं, "तू कुणाची गं?"

नाव ओठांवर आलं होतं. "तुझीच," म्हटलं.

"वाटलंच," म्हणाली, आणि चहा प्यायला लागली.