पुशरॉडचं माप

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं काम झालं आणि ते चालू होईना, की आमच्याकडे पहिला संशय पंपावर जातो, मग नोझलवर. पुशरॉडवर कोणाचाच जात नाही. करंगळीएवढी लोखंडी काडी ती. खाली कॅम फिरतो, काडी वर उचलली जाते, रॉकर हलतो, व्हॉल्व्ह उघडतो. तिच्यात बिघडायचं काय?

किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनाचा कारखाना काढला. पुढे आमच्या खान्देशातही विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची इंजिनं दिसू लागली. आमचं तसलंच, एका सिलिंडरचं. १९८६ च्या मे महिन्यात हेडमधून पाणी गळायला लागलं. हेड तासून आणलं, व्हॉल्व्हच्या सीटाही कापून घेतल्या. जोडलं, तर हँडल मारून दंड सुजले, पण इंजिन नुसतं फुसफुसे. कॉम्प्रेशनच नाही. विजेचा खांब लांब. दीड हजार खोडं निसवणीला आलेली, आणि वर जळगावचं ऊन.

धुळ्याकडचे एक म्हातारे मिस्तरी आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी वरचं झाकण काढलं, टॅपेटचे स्क्रू पार शेवटापर्यंत सैल केले. तरी फट पडेना. व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच राहत होता, दाब तिथूनच पळत होता.

कारण साधं होतं. हेड तासलं की ते कॅमच्या जवळ येतं. सीट कापली की व्हॉल्व्ह आत रुततो आणि त्याची दांडी वर निघते, म्हणजे रॉकरची दुसरी बाजू खाली जाते. दोन्हीकडून जागा कमी, आणि रॉड मात्र जुन्याच लांबीचा.

गावात दोन उपाय चालत. एक, हेडखाली दोन पॅकिंग टाकायची. त्यानं फट पडते, पण कॉम्प्रेशन उतरतं आणि सकाळी इंजिन रडवतं. दुसरा, रॉडचं टोक घासायचं. टोकाला पाणी दिलेलं असतं, कडक असतं ते. घासलं की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं आणि महिन्या-दोन महिन्यांत झिजून जातं. आप्पांनी दोन्हींना नकार दिला.

मी म्हटलं, “आप्पा, पुस्तकात लांबी दिलेली असंल ना?”

“पुस्तक पुस्तकना जागावर र्‍हाऊ दे. आठे इंजिन काय सांगस ते देख.”

त्यांच्या पिशवीत मापाचा रॉड होता. जुना रॉड मधून कापून, आटे पाडून, मध्ये स्क्रू घातलेला. फिरवला की लांब-आखूड होई. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात अगदी वर आणला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. टॅपेटचा स्क्रू मधोमध ठेवला, फिलर गेजची पाती घातली आणि मापाचा रॉड ती जेमतेम अडकेपर्यंत लांबवला. मला वाटलं झालं. पण त्यांनी व्हॉल्व्हच्या माथ्यावर तेलात कालवलेली काजळी लावली आणि फ्लायव्हील हातानं दोन फेरे फिरवायला लावलं. रॉकर जिथं घासला तिथं काजळी पुसली गेली होती. पट्टा कडेला होता. कडेला घासला तर रॉकर व्हॉल्व्हला बाजूला रेटतो आणि गाईड खातो. पट्टा मध्यावर येईपर्यंत माप आणि स्क्रू कमी-जास्त करत बसले. डोक्यावर ऊन, आणि मला बागेची घाई.

इनलेटचा रॉड सव्वा मिलिमीटर लांब निघाला, धुराच्या बाजूचा जवळजवळ दोन. त्या बाजूची सीट जास्त कापली गेली होती. एकाचं माप दुसऱ्याला लावलं असतं तर पुन्हा हेड खोलणं आलं असतं.

टोप्या काढून त्यांनी रॉड मधून तेवढे कापले, टोप्या परत ठोकल्या. दिवेलागणीला इंजिन दुसऱ्या हँडलला धरलं. पाणी बागेच्या शेवटच्या सऱ्यांना पोचायला पहाट झाली. आठ-दहा खोडं कंबरेतून मोडली होती, बाकीची सावरली.

जायच्या आधी आप्पांनी दोन्ही मापं इंजिनघराच्या भिंतीवर गेरूनं लिहिली. दिवाळीला चुना मारणाऱ्याला मी तेवढी वीतभर जागा सोडायला लावली.