शहाणी मुलगी होऊ नकोस

महाल, नागपूर
१८ जून

प्रिय छोटे,

तुझं पत्र मिळालं. नव्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, ‘किती शहाणी पोरगी आहे, चार तासांत हूं की चूं नाही’, आणि तुला ते ऐकून बरं वाटलं. मला मात्र वाचून धास्तीच वाटली. काहून, ते सांगते.

आपल्याला लहानपणापासून हीच शाबासकी मिळत आली आहे. सुई टोचताना रडत नाही ती शूर. शीर सापडेना म्हणून तिसऱ्यांदा टोचलं तरी हात मागे घेत नाही ती गुणाची. आईबाबा रक्ताच्या पिशवीसाठी धावून आधीच थकलेले असतात, त्यांच्या जिवाला आणखी घोर नको म्हणून आपण अजूनच गप्प होतो. मुलांच्या वॉर्डात हे खपून जातं, कारण तिथे सगळ्यांचं लक्ष आपल्या चेहऱ्याकडे असतं. तू आता मोठ्यांच्या वॉर्डात आलीस. तिथे तोंड उघडलं तरच कळतं.

त्यात आपल्यासारखी थॅलेसेमियाची माणसं मोठी होतात, याची अजून पुष्कळांना सवय नाही. डेट्रॉइटच्या थॉमस कूली या डॉक्टरांनी १९२५ साली या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा तो निव्वळ बालरोग होता. मुलं वाचतच नसत, मग मोठा पेशंट येणार कुठून? नियमित रक्त आणि लोह काढणारी औषधं आल्यावर आपण कॉलेजात जायला लागलो. पण मोठ्यांच्या वॉर्डात नव्याने आलेला एखादा डॉक्टर अजूनही विचारतो, ‘रक्त कशामुळे कमी झालं?’ तेव्हा हसू नकोस आणि चिडूही नकोस. फाइल पुढे कर आणि दोन वाक्यांत सांग. हे सांगणं आता तुझं काम आहे, आईचं नाही.

रक्ताच्या दिवशी स्वतःचे लाड कर, असं तुला सगळे सांगतील. कर की! पण आधी पिशवी बघ. पिशवीवरचा गट, नंबर, मुदतीची तारीख आणि फॉर्मवरचं तुझं नाव सिस्टर तपासतातच, त्यांच्याबरोबर तूही मोठ्याने वाच. कोणाला राग येत नाही, आणि आला तर येऊ दे. रक्तपेढीच्या फ्रिजमधून बाहेर आलेली पिशवी अर्ध्या तासात सुरू व्हायला हवी आणि चार तासांच्या आत संपायला हवी. ती टेबलावर पडून राहिलेली दिसली तर विचार. फार थंड आहे म्हणून कोणी ती गरम पाण्यात ठेवायला निघालं तर सरळ नाही म्हण. त्याने रक्तपेशी फुटतात.

पहिली पंधरा मिनिटं कानात इअरफोन घालायचे नाहीत. थेंब हळू ठेवलेले असतात ते याचसाठी. अंगाला खाज, गांधी, हुडहुडी, कंबरेत दुखणं, छातीत भरून येणं, उगाचच जीव घाबरा होणं, यातलं काहीही वाटलं तर लगेच हाक मार. ‘बघू थोडा वेळ’ हे इथे चालत नाही. माझ्या शेजारच्या बेडवर एकदा एक मुलगा होता. थंडी वाजतेय ती एसीमुळेच, असं समजून तो चादर ओढून पडून राहिला. त्याचा पलंग खडखडायला लागला तेव्हा सिस्टरचं लक्ष गेलं. ताप चढला होता. पिशवी थांबवली, सलाईन लावलं आणि तो बरा झाला. नंतर डॉक्टरांनी विचारलं, बोलला का नाहीस? म्हणतो कसा, ‘सिस्टर जेवत होत्या.’

छोटे, सिस्टर जेवत असल्या तरी हाक मारायची. एवढंच म्हणायचं, ‘सिस्टर, काहीतरी वेगळं वाटतंय, जरा थांबवता का?’ काही नसलं तर पुन्हा सुरू करतील. घरी परतल्यावरही, लघवी लाल किंवा काळसर झाली तर त्याच रात्री फोन.

बाजूच्या खुर्चीवर सिकलसेलचं कोणी ना कोणी असेलच. आपल्या विदर्भात ते नवल नाही. शुक्ला आणि सोलंकी या संशोधकांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं ते १९५८ साली. त्या मुलांचं दुखणं बाहेरून दिसत नाही. ‘नाटकं करते’ हे ऐकून ऐकून तीही आपल्यासारखीच गप्प राहायला शिकतात. त्यांना भरपूर पाणी आणि ऊब लागते. आपले सल्ले त्यांना देऊ नकोस, पण कोणी दात आवळून बसलेलं दिसलं तर त्यांच्या वतीने हाक मार.

आता सोबतीचं. तू लिहितेस, मावशी यायचं म्हणते. मावशी प्रेमळ आहे, पण येताना बीटचा रस, खजूर आणि लोखंडी कढईतली पालकाची भाजी घेऊन येईल. तिला समजावून सांग. एका पिशवीतून अंगात दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं आणि शरीर आपणहून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं हृदयात, यकृतात साठतं. आपल्याला लोहाची कमी नाही, फार झालंय. तिला पटत नसेल तर तिला एवढंच सांग, जेवणासोबत चहा प्यायला डॉक्टरांचीच परवानगी आहे, कारण चहाने लोह कमी शोषलं जातं. असा सोयीचा आजार दुसरा नसेल. संत्र्याचं उलट आहे, त्याने लोह जास्त शोषलं जातं. म्हणून जेवणाबरोबर नको, मधल्या वेळेत खा. नागपुरात राहून संत्रं सोडायला मी तुला सांगणार नाही. आणि गंमत बघ, लोह काढणाऱ्या डेफेरासिरॉक्सची विरघळणारी गोळी पाण्याप्रमाणे संत्र्याच्या रसातही घेता येते!

गोळ्यांची तक्रार मात्र माझ्याकडे करू नकोस. आमच्या लहानपणी लोह काढायला रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई आणि उशाशी पंप असायचा. लोह काढणारी दुसरी गोळी, डेफेरिप्रोन, घेत असलीस आणि ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पांढऱ्या पेशी तपासून घे. तिथेही शहाणपणा नको.

रक्त घ्यायला उपाशी जाऊ नकोस. बडकस चौकात तर्री पोहे खाऊन गेलीस तरी चालेल. पाणी पिऊन गेलीस की शीर लवकर सापडते. सुई डाव्या हातात आणि कोपराच्या वळणाखाली मागून घे, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो. मे महिन्यात तोंडाला बांधतेस तो दुपट्टा वॉर्डात हातावर टाक. थंड रक्ताने हात ठणकतो.

रक्ताच्या आदल्या दोन दिवसांत जिने चढवत नाहीत, सगळ्यांचा राग येतो. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास आलेलं असतं, स्वभाव बिघडलेला नसतो. त्या दिवसांत कोणाशी कायमचं भांडण करू नकोस. क्रॉसमॅचचं, म्हणजे रक्त जुळवून बघायचं, सॅम्पल वेळेत दे. उन्हाळ्यात आणि दिवाळीत कॉलेजं बंद असतात, रक्तदाते गावाला जातात, तेव्हा रक्तपेढीला आठवडाभर आधी फोन कर.

कॉलेजातही सांगून ठेव. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आहे. प्रमाणपत्र काढ. हजेरीवरून कोणी अडवलं तर तो कागद दाखव, रडवेली होऊ नकोस.

सिस्टरना सांग, या पोरीची ताई म्हणते, ही आता जरा त्रास देईल.

तुझी,
ताई

ता. क. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तारीख घेऊ नकोस. रोगराई घेऊन जा म्हणून ओरडत मारबतींचे पुतळे मिरवणुकीने निघतात, त्यात महाल-इतवारीतले रस्ते बंद होतात आणि तुझी पिशवी घेऊन येणारा गर्दीत अडकतो. गणपतीच्या आदल्या दिवशी मूर्ती नेणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा मूर्तिकारांच्या चितार ओळीतूनही ऑटो नेऊ नकोस.