उजव्या हाताचं देणं

अण्णांनी आजवर माऊसला हात लावलेला नाही. माझ्या टेबलाशेजारी स्टूल ओढून बसतात, पडद्यावरच्या पानात ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं की पेनच्या टोपणाने जागा दाखवतात, आणि ‘तुम्हीच करा की’ म्हटलं की दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतात. तरी माझा उजवा हात आज कामाचा आहे तो त्यांच्यामुळे. डॉक्टरांमुळेही, पण डॉक्टरांची फी मी चुकती केली आहे. अण्णांची करता येत नाही.

अण्णा मुद्रितशोधक, आणि त्याआधी जुळारी. पुण्यात पेठेतल्या एका छापखान्यात मिसरूड फुटायच्या आधी लागले ते शिशाच्या सुट्या अक्षरांचं, खिळ्यांचं काम संपेपर्यंत. आता सांगावं लागतं म्हणून सांगते: इंग्रजी जुळवणाऱ्याचं दोन केसेसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणदार पेट्यांत, भागायचं. देवनागरीत जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काने-मात्रा धरून शेकडो प्रकारचे खिळे, त्यामुळे जुळाऱ्याच्या पुढ्यातही केसेस आणि बाजूंनाही. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी. उजव्या हाताने खिळा उचलायचा, तो न बघता. अंगावरची खाच बोटाला लागली की सुलटा की उलटा ते कळायचं. डाव्या हाताचा अंगठा स्टिकमधल्या शेवटच्या खिळ्यावर, नाहीतर ओळ सांडलीच. हे सगळं दिवसभर, उभ्याने. ऑफसेट आणि डीटीपी आलं, शिसं वितळवायला गेलं, आणि अण्णा खुर्चीत बसून प्रुफं वाचू लागले. बसून काम करायची लाज वाटायची म्हणे सुरुवातीला.

मी या धंद्यात आले ती त्याच उलथापालथीत. पेजमेकर, कोरल ड्रॉ, श्रीलिपीचे फाँट. माऊस तेव्हा चेंडूचा. कर्सर अडखळायला लागला की पोटाखालचं झाकण फिरवून चेंडू काढायचा आणि आतल्या रुळांवर चढलेली मळाची काळी पट्टी नखाने खरवडायची. हे काम मला आवडायचं, त्या निमित्ताने दोन मिनिटं मान वर करता यायची. 1999 च्या पुढे लाल दिव्याचे ऑप्टिकल माऊस आले. चेंडू गेला, मळ गेला, चाक आलं, वायर गेली. हाताची ठेवण मात्र तीच राहिली. तळवा पालथा, मनगट टेबलाच्या कडेवर, आणि तिथून डावी-उजवीकडे झोल.

दिवाळी अंकांच्या दिवसांत, म्हणजे आषाढापासून पार नवरात्रापर्यंत, माझा हात माऊसवरून उठत नाही. चित्राभोवती मजकूर वळवायचा, जाहिरातदाराचा लोगो त्याच्या मनाएवढा मोठा करायचा, शीर्षकातला रफार केसभर डावीकडे घ्यायचा. अशाच एका हंगामात हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी रात्री. मग स्कूटर चालवताना. मग कपात चहा ओतताना भांडंच हातातून सुटायला लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो करंगळीचा: तिच्यात मुंग्या येतात का? येत नव्हत्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्याच भागाची नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाते; करंगळीची वाट वेगळी आहे. त्यांनी रात्री लावायला पट्टा दिला, व्यायाम दिले आणि विश्रांती सांगितली. भाद्रपदात विश्रांती! मी पट्टा लावला, व्यायाम केले आणि तिसरी सूचना ऐकली नाही असं धरून चालले.

अण्णांना मी काही सांगितलं नव्हतं. ते कवितांच्या पानांची प्रुफं घेऊन आले होते आणि पडद्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “तुझा हात दिवसभर पालथा असतो गं. आमचा कधी पडून नसायचा. उचलायचा, आणायचा, ठेवायचा. आणि हा डावा काय करतो?”

डावा काही करत नव्हता. कीबोर्डच्या कडेला स्वस्थ होता.

“एका हातावर सगळं ओझं,” अण्णा म्हणाले, आणि कवितेतल्या अनुस्वारांकडे वळले.

पुढच्या खेपेला त्यांच्या कापडी पिशवीत प्रुफांखाली एक काळी, वाकडी वस्तू होती. “पोरीचा माऊस आहे. वापर.” त्यांची मुलगी बंगळुरूला संगणक कंपनीत आहे एवढं मला ठाऊक होतं. त्यांनी तिला काय सांगून तो घेतला, हे मला बऱ्याच काळाने कळलं.

उभा माऊस म्हणतात तो हा. प्रकार तसा अगदी कालचा नाही. इव्होल्युएंट कंपनीचे उभे माऊस या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत. पण 2018 मध्ये लॉजिटेकने 57 अंशांच्या कलाचा माऊस काढला आणि तिथून तो ऑफिसांच्या टेबलांवर दिसायला लागला. त्यामागचं शरीरशास्त्र कुणालाही आपल्या हातावर पाहता येतं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. तळवा छताकडे केला की ती समांतर राहतात, पालथा केला की एक दुसऱ्याच्या अंगावरून पलीकडे जातं. दुसरा हात त्यावर ठेवून बघा, पीळ बोटांना लागतो. तो पीळ घेऊन मी इतकी वर्षं पानं लावत होते.

आता हा पीळ गेला की सुख, असं वाटलं असेल तर तसं नाही. सवयीचा हात वरून येऊन पडतो. हा माऊस बाजूने धरावा लागतो, हस्तांदोलनाला पुढे केलेल्या हातासारखा. अंगठा डाव्या अंगाच्या खोबणीत, बोटं उजव्या उतारावर, करंगळीची कड टेबलाला टेकलेली. अंग उंच असल्यामुळे कीबोर्डवरून घाईने हात नेला की तो कलंडायचा. मग उचलून उभा करा, कर्सर कुठे गेला शोधा.

क्लिकचं तर भलतंच. सपाट माऊसवर बोट खाली दाबतं, आणि खाली टेबल असतं. इथे बोट आडवं दाबतं. पलीकडून अंगठ्याचा आधार नसेल तर माऊसच डावीकडे सरकतो. रफार धरायला जावं आणि नेमक्या क्लिकच्या वेळी कर्सर शेजारच्या अक्षरावर. डबल क्लिक म्हणजे दोन धक्के. अंगठा घट्ट आवळला तर माऊस हलायचा नाही, पण संध्याकाळी अंगठ्याचं मूळ ठणकायचं, म्हणजे दुखणं फक्त जागा बदलून बसलं. हे अण्णांपाशी बोलले तेव्हा त्यांनी डावा हात स्टिक धरल्यासारखा पुढे केला. “नवा पोऱ्या खिळे दाबून धरतो आणि आठवड्यात बोट सुजवून घेतो. अंगठा दाबायचा नसतो. नुसता असू द्यायचा.” ज्या यंत्राला त्यांनी कधी हात लावला नाही, त्याचं याहून चांगलं मार्गदर्शन मला कुठे मिळालं नाही.

हळूहळू हाताने दुसरी चाल धरली. सपाट माऊस मनगटाने हलतो, उभा माऊस कोपरातून. पानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला हे उत्तम, एका सरकीत मोठा पल्ला. बारीक कामाला त्रासाचं. त्यासाठी वरच्या बटणाने कर्सरचा वेग कमी करायचा, काम झालं की पुन्हा वाढवायचा. मध्यंतरी खांदा कुरकुरला, तेव्हा लक्षात आलं की टेबल उंच आहे आणि कीबोर्डच्या उजव्या अंगाला असलेल्या आकड्यांच्या कळा माऊसला लांब ढकलतात. खुर्ची चढवली, आकड्यांच्या कळा नसलेला आखूड कीबोर्ड घेतला. एका वस्तूसाठी सगळं टेबल हललं. उन्हाळ्यात करंगळीची कड घामाने टेबलाला चिकटायची. तिथे एका फसलेल्या कादंबरीचं लॅमिनेशन केलेलं उरलेलं मुखपृष्ठ पसरलं, त्यावरून हात छान घसरतो. कादंबरीकारांना हे सांगितलेलं नाही.

दुसऱ्याला माझ्या मशीनवर बसवणं मात्र संपलं. एक ज्येष्ठ संपादक ‘जरा एकच ओळ’ म्हणून बसले आणि त्यांनी माऊस आडवा पाडून, कुशीवर निजवून चालवायचा प्रयत्न केला. कर्सर हलेना. त्यांनी वायफायला दोष दिला.

मुंग्या गेल्या. पट्ट्याने किती, व्यायामाने किती आणि माऊसने किती, ते वेगळं काढता येणार नाही. या वस्तूला औषध म्हणणारे विक्रेते आहेत. मी म्हणणार नाही. कारण अण्णांच्या बोलण्यातला दुसरा भाग अजून शिल्लक होता. डावा काय करतो?

हा प्रश्न मनात असताना मी माऊसच्या जनकाची, डग्लस एंगलबार्टची, एक जुनी फिल्म पाहिली. 9 डिसेंबर 1968, सॅन फ्रान्सिस्को. माऊस जगासमोर आला तो त्या दिवशी. 1964 मध्ये बिल इंग्लिशने एंगलबार्टच्या कल्पनेवरून बनवलेला पहिला माऊस लाकडी खोका होता, तळाला काटकोनात दोन चाकं आणि वर एकच बटण. त्या दीड तासाच्या प्रयोगात एंगलबार्टच्या उजव्या हाताखाली माऊस आहे, मध्ये कीबोर्ड आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक पट्टी. पियानोच्या सुरांसारख्या त्या कळा एकत्र दाबून डाव्या हाताने अक्षरं आणि हुकूम द्यायचे, उजव्याने नेम धरायचा. जगाने उजव्या हातातली वस्तू उचलली आणि डाव्या हातातली सोडून दिली, कारण ती शिकायला वेळ लागायचा. पेटंट मिळालं 1970 मध्ये, ते तो काम करत होता त्या संस्थेच्या मालकीचं. ज्याच्या डोक्यातून माऊस निघाला त्याला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. 2013 मध्ये तो गेला.

अण्णांना फिल्म दाखवली. इंग्रजी बोलणं त्यांनी ऐकलं नाही, हात पाहिले. “याचे दोन्ही चालतायत,” एवढंच म्हणाले, आणि मग त्या माणसाला पैसे मिळाले नाहीत हे कळल्यावर बराच वेळ एंगलबार्टच्या मालकांबद्दल बोलले. छापखान्याच्या मालकांविषयी त्यांचं मत आधीपासून ठाम आहे, त्यात एकाची भर पडली.

मग मी डाव्या हाताला कामाला लावलं. टंकलेखनात तो आळशी नव्हताच. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं उजव्याकडे, अशी सुरेख वाटणी आहे. पानं लावताना मात्र मी मेन्यूत जाऊन शोधायची. आता कॉपी, पेस्ट, मागे फिरणं सगळं डावीकडून. कोरलमध्ये चौकटी एका रेषेत आणायला टी, बी, ई, सी, आर अशी एकेक कळ पुरते, आणि या सगळ्या डाव्या हाताखालीच येतात. मेन्यूच्या खेपा वाचल्या, तेवढं उजव्याचं चालणं वाचलं. माझ्या मते माऊसच्या आकाराइतकाच फरक याने पडला असावा.

आणि मग एके संध्याकाळी बंगळुरूहून फोन. “ताई, रागावू नका, पण तो माऊस परत मिळेल का?”

तेव्हा कळलं. तो फालतू पडून राहिलेला माऊस नव्हताच. मुलीने स्वतःच्या मनगटासाठी घेतला होता, रोज वापरत होती. सुटीत घरी आली तेव्हा अण्णांनी तिच्या बॅगेतून तो बाहेर काढला आणि म्हणाले, “इथे एका पोरीचा हात चाललाय, तू दुसरा घे.” तिने दुसरा घेतला नाही, सपाट माऊसवर परतली; आता तिचा हात भरून यायला लागला होता, आणि अंगवळणी पडलेला तोच तिला हवा होता. मी दुसऱ्या दिवशी पार्सल केलं. सोबत नवा घेऊन पाठवते म्हटलं, तर ती नको म्हणाली. अण्णांना मात्र हे कळताच ते मुलीवर उखडले. दिलेली वस्तू परत मागतात का? मी म्हटलं, अण्णा, तिने दिली कुठे होती, तुम्ही उचलली होती. त्यावर त्यांनी चष्मा पुसला.

माझ्यासाठी मी 2022 मध्ये निघालेला लहान आणि मध्यम हातांचा उभा माऊस घेतला. डावखुऱ्यांसाठीही त्यात वेगळा आहे. हा माझ्या बोटांना पुरतो; आधीचा मोठ्या पंजाचा होता, मधलं बोट टोकापर्यंत पोचायला ताणावं लागायचं. ते मला नवा हातात घेतल्यावरच कळलं.

देण्याचं काय, हा प्रश्न राहिला. पैसे विचारायची सोय नाही. शाल-श्रीफळ दिलं तर शाल मलाच पांघरून जातील. शेवटी मी त्यांच्या वहीवर डोळा ठेवला. छापखान्यातल्या बोलीतले शब्द, मशीनमनच्या शिव्या, केसेसच्या रचनेचे पेन्सिलीने काढलेले नकाशे, असं सगळं त्यांनी वर्षानुवर्षं उतरवून ठेवलंय. म्हटलं, त्याचं पुस्तक मी लावून देते, सेटिंगचा एक पैसा घेणार नाही. चार-दोन दिवस आढेवेढे झाले आणि वही मिळाली. नकाशे मी पुन्हा काढले, प्रत्येक खिळ्याचा चौकोन वेगळा, दोन्ही हात चालवून.

तिसरं प्रूफ काल परत आलं. पान नऊवर दोन, पान चौदावर एक दुरुस्ती. ऋणनिर्देशाच्या पानावर मी त्यांना न सांगता एक वाक्य घुसवलं होतं, माझ्या हाताबद्दल आणि माऊसबद्दल. त्यावर लाल शाईची सरळ काट आहे, आणि समासात त्यांच्या बारीक अक्षरात: ‘विषयाशी संबंध नाही. जागा वाचेल.’