समुद्राचे वहिवाटदार

छंदांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही छंद मन रमेल तोवर हाताळावेत आणि कंटाळा आला म्हणजे कपाटात ठेवावेत, अशा जातीचे असतात. टपालाची तिकिटे, जुनी नाणी, फार काय, आमचे हे निबंधलेखनही त्याच वर्गातले. दुसऱ्या वर्गातले छंद मात्र एकदा उंबरठ्याच्या आत आले, की आपणच त्यांच्या हाती सापडतो. घरात प्रवाळखडकाचे मत्स्यालय उभारणे हा या दुसऱ्या वर्गाचा मुकुटमणी होय.

आमचे वास्तव्य आदिलाबादेत. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेला, १९५६ साली आंध्र प्रदेशात गेलेला आणि २०१४ पासून तेलंगणात असलेला हा जिल्हा. पैनगंगेच्या पलीकडे विदर्भ, अलीकडे आम्ही. येथे मराठी कानी पडते, तेलुगु पडते, गोंडी पडते. समुद्राची गाज तेवढी कानी पडत नाही. जवळचा किनारा धरला तरी तो चारशे किलोमीटरांहून दूर. अशा गावी समुद्र घरात आणण्याची कल्पना मूळची चिरंजीवांची. परंतु तिला आमची संमती मिळाली ती मातुःश्रींकडे पाहून. त्यांचे माहेर काणकोणचे. वडिलांच्या नोकरीपायी त्या या माळरानावर आल्या आणि येथल्याच झाल्या. आता ऐंशी उलटली, गुडघे बोलू लागले, गोव्याचा प्रवास संपला. त्यांच्या खोलीसमोर निळ्या पाण्याचा एक तुकडा असावा, एवढाच आमचा हेतू.

त्यांना बेत सांगितला, तेव्हा त्या जपमाळ न थांबवता म्हणाल्या, "रे पुता, दर्या हाडूं येता, पूण भरती-सुकती खंयसून हाडटलो?"

या प्रश्नाचे उत्तर यंत्रांनी देता येते, असे आम्ही प्रथम समजत होतो. टाकी ठरली पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे सुमारे ५६६ लिटर पाणी. नुसत्या पाण्याचे वजनच पावणेसहा क्विंटलांच्या वर. काच, खडक आणि लोखंडी सांगाडा वेगळाच. माडीवर ठेवण्याचा चिरंजीवांचा विचार गवंड्याने एका वाक्यात निकालात काढला. आमच्या बोअरचे पाणी जड, म्हणून ते गाळून अगदी कोरे करावयाचे आणि मग लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या मापाने त्यात मीठ घालावयाचे. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम आदी क्षार समुद्रातल्या प्रमाणात असलेले खास मीठ लागते, आणि तेही पहिल्याच वेळी वीस किलो. भरती-ओहोटीच्या जागी पंप. पाण्याची उष्णता २४ ते २७ अंशांच्या आत राखावयाची. आणि आदिलाबादचा उन्हाळा ४४ अंशांच्या पुढे जातो, तर थंडीच्या काही रात्री पारा एक आकडी होतो! तेव्हा एकाच पाण्यासाठी थंडावा देणारे यंत्रही हवे आणि ऊब देणारेही. वीज गेली तर बॅटरी हवी, कारण पाणी हलायचे थांबले की त्यातला प्राणवायू सरू लागतो.

या शास्त्राचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली मत्स्यालयावर ग्रंथ लिहून इंग्लंडातल्या दिवाणखान्यांना या छंदाचे वेड लावले. पुढे १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत जीवजंतूंसह समुद्रातले खडक टाकीत ठेवून, खडकच पाणी निर्मळ राखतात, हे जगापुढे मांडले. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो विषारी. खडकाच्या छिद्रांत वस्ती करणारे सूक्ष्म जीव त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करतात. ही वस्ती बसेपर्यंत चार ते सहा आठवडे रिकाम्या पाण्याची राखण करीत बसावे लागते. पक्षकारांना तारखांवर तारखा घेऊन देणाऱ्या आम्हांसही ही तारीख लांबलीशी वाटली.

खरा पेच पुढेच होता. एका मोठ्या शहरातील विक्रेत्याने चिरंजीवांस कळविले की, आपल्याच समुद्रातले जिवंत प्रवाळ अल्प दरात घरपोच मिळेल. कागदपत्रांची चिंता नको. चिरंजीवांचे डोळे लकाकले. आमचे मात्र कायद्याच्या पुस्तकाकडे वळले.

मंगळासाठी बोटात पोवळे घालणाऱ्या किती जणांस ठाऊक असते, की तो मुळात दगड नव्हे, एका प्राण्याचा सांगाडा आहे? खडक रचणारी प्रवाळे ही त्या पोवळ्याचीच दूरची भावकी. इवले इवले जीव, पोटाशी त्याहून इवल्या शैवालांना आश्रय देतात. शैवाल उन्हावर अन्न रांधते आणि यजमानाला वाढते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर अधिक तापले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो आणि प्रवाळ पांढरे पडते. लक्षद्वीपात १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हेच घडले. २००१ पासून खडक रचणारी सारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला, बसली आहेत. अपराधास तीन ते सात वर्षे कैद. शिवाय कलम ५७ असे, की वस्तू ताब्यात सापडली म्हणजे ताबा बेकायदा हेच गृहीत. तो कायदेशीर होता हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही यातून सुटत नाही.

"पण बाबा, आपण त्याला जपूच ना?" चिरंजीवांनी विचारले. प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला शिक्षेची भीती हे काही उत्तर नव्हे. आम्ही त्याला एका जुन्या खटल्याची हकीकत सांगितली. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेच्या पूजेच्या पाळीवरून तंटा झाला. मूर्ती आपल्या घरी न्यावी की न न्यावी, हा वाद. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की मूर्ती ही इकडून तिकडे हलवावयाची चीजवस्तू नव्हे. तिला कायद्याने व्यक्तित्व आहे, आणि कोठे राहावे याविषयी तिची इच्छाही विचारात घेतली पाहिजे. देवालयांशी ज्यांचा पिढ्यांचा संबंध आहे, त्या आमच्या वाचकांस हे नवे नाही. देवस्थानाचा कारभार पाहणारा मालक नसतो, वहिवाटदार असतो. जे स्वतः बोलू शकत नाही त्याचे हित त्याने पाहावयाचे. प्रवाळाला बोलता आले असते, तर समुद्र सोडून आदिलाबादेस येण्यास ते राजी झाले असते काय? चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीच विक्रेत्याला नकार कळविला.

मग खडक आणावेत कोठून? उत्तर पायाखालीच होते. आदिलाबादच्या आसपासचा चुनखडक हा प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे. भूशास्त्रज्ञांनी त्या थरांना पैनगंगेचे नाव दिले आहे, आणि त्यातल्या एका थराला आमच्या सातनाल्याचे. हा समुद्र इतका जुना, की त्या काळी प्रवाळे तर नव्हतीच, मासेही नव्हते. त्या चुनखडीचा चुरा आणि सिमेंट कालवून आम्ही घरीच ओबडधोबड, सच्छिद्र खडक ओतले आणि सिमेंटचा तीव्र क्षार उतरेपर्यंत कित्येक आठवडे पाणी बदलीत भिजत ठेवले. समुद्राचा दगड समुद्राच्या पाण्यात परत गेला!

मासेही पारखून घेतले. खाऱ्या पाण्यातले शोभेचे बहुतेक मासे आजही समुद्रातून धरूनच आणतात. परंतु केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश अंड्यांपासून वाढविण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसविले आहे. असे जन्मतः टाकीतलेच चार मासे आमच्याकडे आहेत. जिवंत प्रवाळ नाही. पाहुणे येतात, हे कसले प्रवाळालय, असे म्हणतात. आम्ही चहा पुढे करतो.

घरात आता पाळ्या लागल्या आहेत. सकाळी उडून गेलेल्या पाण्याची भर सौभाग्यवतींकडे, क्षारांची तपासणी चिरंजीवांकडे, आठवड्याचा पाणीबदल आमच्याकडे. रात्री वीज गेली की पहिली हाक मातुःश्रींची येते, "पंप चलता मरे?" भरती-सुकती कोठून आणणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. समुद्राला जे चंद्र आणि वारा फुकट करून देतात, ते येथे चार माणसांनी रोज उठून करावे लागते, आणि एका दिवसाचाही खाडा चालत नाही.